सीट हलत नाही? आधी बटणाला दोष देऊ नका

गेल्या हंगामातली गोष्ट. साखर कारखाने सुरू होऊन महिना झाला होता. वहिनींना करमाळ्याला दवाखान्यात जायचं होतं. घरची गाडी त्या स्वतः चालवतात. दार उघडून बसल्या आणि लगेच हाक मारली, "भावजी, ब्रेकला पाय पुरंना." आदल्या दिवशी गाडी भावाने नेली होती. तो सहा फुटी, सीट पार मागे. बाजूचं बटण पुढे ढकललं तर हालचाल नाही, आवाज नाही. मागे ढकललं तर होती ती आणखी अर्धा इंच मागे गेली. वहिनींची उंची पाच फुटांच्या आत. पाठीशी उशी लावून निघायची त्यांनी तयारी केली, तेव्हा मी किल्ली काढून घेतली आणि त्यांना स्वतः सोडून आलो.

उशीचा उपाय पुष्कळ घरांत चालतो, म्हणून आधी त्याबद्दल सांगतो. जोरात ब्रेक दाबताना आपण पाठीने सीटवर रेटा देतो आणि त्या रेट्यावर पायात ताकद येते. पाठीशी मऊ उशी असेल तर रेटा उशीतच जिरतो आणि ब्रेक पुरता दाबला जात नाही. वर कमरेचा पट्टाही नीट बसत नाही. सीट अडकणं म्हणजे ब्रेक लांब जाणं. ही दुरुस्ती पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलू नये.

आमच्या जेऊर भागात बटणावरच्या सीटच्या गाड्या आता नवलाच्या राहिल्या नाहीत. उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस आला, कंदरकडे केळी आली, आणि पुण्या-मुंबईकडच्या वापरलेल्या मोठ्या गाड्या इकडच्या अंगणांत उभ्या राहिल्या. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, क्रेटा, सेल्टॉस, हॅरियर, एक्सयूव्ही ५००, या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत चालकाची सीट मोटरवर चालते. पण या गाड्या आमच्याकडे येतात त्या फुफाट्यात. शेतरस्त्यावर काच खाली केली की काळ्या मातीचं पीठ आत येतं आणि सीटच्या रुळांवरच्या ग्रीसमध्ये कालवलं जातं. बटणाच्या फटीत चहा, उसाचा रस, पोरांचा बर्फाचा गोळा असं काय काय जातं. वॉशिंग सेंटरवाला आतूनही पाण्याचा फवारा मारतो. आणि उसाच्या पट्ट्यात उंदीर आहेतच. गाडी आठवडाभर वस्तीवर उभी राहिली की सीटखालची वायर कुरतडलेली सापडते.

म्हणून बटण काढायला बसण्याआधी बटणच बिघडलंय का, याची खात्री करा. दहा मिनिटं लागतात आणि हत्यार एकही लागत नाही.

सीट कुठल्याच दिशेला हलत नसेल, आवाजही नसेल, तर बटणाचा संशय शेवटी घ्या. सगळी कामं एकदम बंद पडली म्हणजे बहुतेक वेळा वीजच पोहोचत नाही. फ्यूज पाहा, सीटखालचा कनेक्टर सैल झालाय का पाहा, बॉडीला जोडलेली अर्थची वायर गंजलीय का पाहा. बटण दाबल्यावर मोटर घुर्रघुर्र फिरते पण सीट जागची हलत नसेल, तर बटण आणि मोटर दोन्ही निर्दोष; गिअर किंवा त्याला फिरवणारी केबल गेली. एकच दिशा गेली असेल, म्हणजे मागे जाते पण पुढे येत नाही, तर दोष बहुधा बटणातच, कारण दोन्ही दिशांना मोटर तीच असते. फक्त रुळात काही अडकलेलं नाही ना, हे पाहून घ्या. बाटलीचं झाकण किंवा दोन रुपयांचं नाणंसुद्धा सीट अडवू शकतं.

आणखी एक जुनी युक्ती आहे, तिच्यावर माझा फार भरवसा. अंधार पडल्यावर, इंजिन बंद ठेवून, गाडीतला छताचा दिवा लावा आणि सीटचं बटण दाबून दिव्याकडे पाहा. दिवा किंचित मंदावला, तर बटणातून करंट मोटरपर्यंत जातोय आणि मोटर अडकलीय. दिवा जराही हलला नाही, तर करंट बहुधा मोटरपर्यंत गेलाच नाही. मग फ्यूज, वायर किंवा बटण. आमच्या गाडीत मागचं बटण दाबलं की दिवा मंदावायचा, पुढचं दाबलं की तसाच तेवत राहायचा. टेक्याचं बटण दोन्हीकडे नीट चालत होतं. म्हणजे फ्यूज ठीक, मोटर ठीक, दोष बटणाच्या एका कप्प्यात.

फ्यूज जळलेला निघाला तर त्याच आकड्याचा घाला. फ्यूज-बॉक्सच्या झाकणावर आकडा लिहिलेला असतो. २० असेल तर २०च, ३० असेल तर ३०च. "जरा मोठा टाक, परत उडणार नाही" हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. फ्यूज उडाला नाही तर वायर तापते, आणि ती वायर तुमच्या बैठकीखालच्या फोममधून गेलेली असते.

आता बटण काढण्याकडे येऊ. पुढचं वर्णन सीटच्या बाजूला बटण असलेल्या गाड्यांचं आहे. एक्सयूव्ही ७०० सारख्या गाडीत सीटची बटणं दारावर असतात; तिथे दाराचं पॅनेल उघडावं लागतं, ते काम वेगळं.

सामान जमवा: दहाचा पाना, फुलीचा पेचकस, टॉर्क्सचे म्हणजे चांदणीच्या तोंडाचे बिट, बारीक चपटा पेचकस, इन्सुलेशन टेप, जुनं एटीएम कार्ड, टॉर्च, मल्टिमीटर आणि एक परात. परातीचं काम पुढे कळेल. दाराच्या उंबऱ्यावर जुनं गोणपाट टाका, म्हणजे रंगाला ओरखडे जात नाहीत. वेळ सकाळची धरा, पण फार लवकरची नको. थंडीत प्लॅस्टिक कडक असतं आणि लॉक मोडतात. गाडीला तासभर कोवळं ऊन मिळालं की तेच प्लॅस्टिक वाकतं.

सीट हलत असेल तर बॅटरी काढण्याआधी ती सगळ्यात उंच करा. एकदा पार मागे नेऊन पुढचे स्क्रू पाहा, पार पुढे आणून मागचे स्क्रू पाहा, आणि मग ज्या जागी हात नीट पोहोचतो तिथे सोडा. हे नंतर आठवून उपयोग नाही, कारण बॅटरी निघाल्यावर सीट हलणार नाही. आमची सीट मागेच अडकलेली होती, तेव्हा पुढचा स्क्रू समोरच्या दाराने आणि मागचा स्क्रू मागच्या दारातून हात घालून काढला.

मग बॅटरी. आधी मायनसचं टर्मिनल. कारण सोपं आहे. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. आधी प्लसला पाना लावला आणि तो बॉनेटला टेकला तर ठिणगी पडते. मायनस आधी सुटला की ती वाटच बंद होते. जोडताना उलट, आधी प्लस, शेवटी मायनस. ट्रॅक्टर ठेवणाऱ्यांना हे सांगायला नको, पण कारच्या बाबतीत तीच माणसं घाई करतात. टर्मिनल काढण्याआधी किल्ली खिशात ठेवा आणि दार उघडं ठेवा. जुन्या युरोपियन गाडीत रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

टर्मिनल निघालं की थांबा. गाडीच्या पुस्तकात थांबण्याचा वेळ दिलेला असतो, काहींत दीड मिनिट, काहींत तीन. मी दहा मिनिटं थांबतो, चहा घेतो. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी सुटल्यावरही थोडी वीज साठून राहते, ती उतरायला हा वेळ. बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला असते. पाठीच्या शिवणीजवळ एअरबॅग लिहिलेली छोटी पट्टी दिसेल. म्हणजे आपण जिथे हात घालणार, तिथून वीतभर वर ती बसलेली असते आणि तिची वायर बैठकीखालून जाते. या वायरींचे कनेक्टर पिवळे असतात. पिवळ्याला हात लावायचा नाही. तो ओढायचा नाही, काढायचा नाही, आणि त्याच्या वायरीला मीटर तर मुळीच लावायचा नाही, कारण मीटरमधला इवलासा करंटही एअरबॅग उडवायला पुरू शकतो.

बटणाच्या वरच्या मुठी आधी काढायच्या. बहुतेक गाड्यांत दोन असतात: एक आडवी, बैठकीच्या आकाराची, दुसरी उभी, पाठीच्या आकाराची. त्या आतल्या दांड्यावर नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. चपट्या पेचकसाच्या टोकाला टेप गुंडाळा, मुठीच्या मागे दोन बाजूंनी थोडी थोडी उचल द्या आणि सरळ बाहेर ओढा. तिरकी ओढली की आतला दांडा मोडतो, आणि मग दुरुस्त होणारं बटणही टाकून द्यावं लागतं. काही मुठींना खालून बारीकशी क्लिप असते, टॉर्च मारून पाहा. काही गाड्यांत मूठ न काढताही पॅनेल निघतं.

पॅनेलला साधारण दोन-तीन स्क्रू असतात. एखादा प्लॅस्टिकच्या टोपीखाली लपलेला असतो, एखादा खालच्या कडेला, एखादा मागच्या टोकाला. सगळे निघाले असं वाटूनही पॅनेल घट्ट असेल तर ताकद लावू नका, कुठेतरी एक स्क्रू उरलाय. सगळे निघाल्यावर पॅनेल लॉकवर उरतं. पुढच्या टोकापासून एटीएम कार्ड सरकवत जा. टक, टक असे आवाज येतील, ते लॉक सुटल्याचे; कर्र असा आवाज आला तर थांबा. पॅनेल सुटलं तरी झटक्यात ओढू नका, मागे बटणाची वायर लटकलेली असते.

इथे फोटो काढा. कुठली वायर कुठून गेलीय, कुठल्या पट्टीखाली अडकवलीय, सगळं दिसलं पाहिजे. पुन्हा बसवताना वायर रुळाच्या वाटेत आली तर सीट सरकताना तीच चिरडेल.

कनेक्टरला एक जीभ असते. ती अंगठ्याने दाबून धरायची आणि कनेक्टरच्या अंगाला धरून ओढायचं, वायरींना धरून नाही. फुफाट्याने जीभ अडली असेल तर आधी कनेक्टर किंचित आत ढकला, मग जीभ दाबा, सुटतो. त्यानंतर बटण पॅनेलला ज्या दोन-तीन छोट्या स्क्रूंनी बांधलेलं असतं ते काढले की बटण हातात.

काही गाड्यांत सीट आणि दार यांत हातही जात नाही आणि पूर्ण सीट उचलावी लागते. ते काम अंगणात करू नका. सीटचे चार बोल्ट म्हणजे धडकेच्या वेळी तुम्हाला जागी धरणारे चार खिळे. ते ठरलेल्या ताकदीनेच आवळायचे असतात, त्यासाठी टॉर्क पाना लागतो. शिवाय सीट उचलायची म्हणजे पिवळे कनेक्टर सोडवावेच लागतात. ते जाणकार मेस्त्रीकडे द्या, टेंभुर्णीपर्यंत जावं लागलं तरी जा.

आमचं बटण परातीत ठेवून उघडलं. परात यासाठी की झाकण उचलताच आतून ज्वारीच्या दाण्याएवढी स्प्रिंग उडते आणि अंगणातल्या मातीत गेली की मिळत नाही. आत पितळी पट्ट्या, त्यांवर डोलणारे प्लॅस्टिकचे तुकडे, आणि पुढच्या बाजूच्या पट्टीवर गुळाच्या काकवीसारखा तपकिरी थर. उसाचा रस. कधी सांडला कोणालाच आठवेना. बाजूच्या पट्ट्या लख्ख होत्या.

बटणाचं काम कसं चालतं ते एकदा समजून घेतलं की तपासणी सोपी होते. प्रत्येक मोटरला दोनच वायरी. बटण मोकळं असताना दोन्ही अर्थला जोडलेल्या. पुढे दाबलं की त्यातली एक १२ व्होल्टला जाते, दुसरी अर्थलाच राहते, मोटर एका दिशेने फिरते. मागे दाबलं की वायरींची अदलाबदल, मोटर उलटी. तेव्हा मीटर पिं वाजणाऱ्या खुणेवर ठेवा. बटण मोकळं असताना मोटरच्या दोन्ही पिना अर्थच्या पिनेशी वाजल्या पाहिजेत. दाबल्यावर एक पीन अर्थ सोडून १२ व्होल्टच्या मुख्य वायरीच्या पिनेशी वाजली पाहिजे. वाजली नाही तो कप्पा खराब. आठवणीत जागा साठवणाऱ्या सीटला, म्हणजे मेमरी असलेल्या सीटला हा नियम लागू नाही. तिथे बटण फक्त इशारा देतं, मोटर वेगळी पेटी चालवते. तशी सीट कंपनीच्या यंत्रावर तपासून घ्या.

साफसफाईला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे घ्या. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातही मिळतो. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको, त्याच्या ओशटपणावर पुढच्या महिन्यात फुफाटा बसतो. मऊ टूथब्रशने घासा, काळा डाग असेल तर खोडरबराने. पॉलिश पेपर लावू नका, पट्टीवरचा मुलामा निघून जातो. पण पिनांजवळचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर साफसफाई सोडा. तिथे करंट प्रमाणाबाहेर गेलाय, म्हणजे मोटर किंवा रूळ जड झालाय. तो आधी मोकळा केला नाही तर नवीन बटणही तसंच जळेल. लोक दुसऱ्यांदा पैसे घालतात ते इथेच.

नवीन घ्यायचं झालं तर बटणाच्या पाठीवरचा नंबर पाहून घ्या. "अमक्या गाडीचं सीटचं बटण द्या" एवढ्यावर घेऊ नका. त्याच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलांत पिना वेगळ्या असू शकतात. डाव्या-उजव्या सीटचं बटण वेगळं. मेमरीचं आणि बिनमेमरीचं वेगळं. नवीन परवडत नसेल तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. जेऊरहून पुण्या-मुंबईला जाणारं कोणी ना कोणी असतंच. त्यांच्याबरोबर जुनं बटण नमुन्याला पाठवा, नुसता फोटो नको.

नवीन बटण येईपर्यंत सीट मागेच राहिली तर? गाडी घरातल्या उंच माणसानेच चालवायची, हे सगळ्यांत बरं. वायरिंगचा चांगला हात असलेल्या माणसाकडून एक तात्पुरती सोय होऊ शकते: बटणाचा कनेक्टर सुटा ठेवून, पुढे-मागे करणाऱ्या मोटरच्या दोन जाड वायरींना, मध्ये फ्यूज असलेल्या वायरीने क्षणभर थेट १२ व्होल्ट द्यायचे. सीट योग्य जागी आली की वायर काढायची. कुठल्या दोन वायरी, हे वायरिंगच्या नकाशावरून किंवा मोटरपासून माग काढून नक्की झाल्याशिवाय हे करायचं नाही, आणि मेमरी सीटला तर नाहीच.

सगळं उघडं आहे तोवर रूळ साफ करा. पुन्हा इतकं उघडं मिळणार नाही. व्हॅक्यूम नसेल तर रंगाचा ब्रश घ्या, मातीत माखलेलं जुनं ग्रीस फडक्याने पुसून काढा आणि नवीन पातळ बोट फिरवल्याएवढंच लावा. आमच्या रुळाशेजारी पेनाची दोन टोपणं आणि वाळलेली बोरं निघाली. वायरी बोटांनी चाचपून पाहा, उंदराने आवरण कुरतडलं असेल तर बोटाला खरखर लागते. तांबं उघडं पडलं असेल तर नुसती टेप गुंडाळून भागवू नका. नीट जोड द्या, त्यावर तापवून आवळणारी नळी चढवा.

बसवताना कनेक्टर टक वाजेपर्यंत दाबा. पॅनेल बंद करण्याआधी बॅटरी जोडून सीट एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे, वर-खाली करून पाहा. या वेळी सगळे पिवळे कनेक्टर जागेवर असलेच पाहिजेत आणि पोरांची बोटं रुळापासून लांब. मग पुन्हा मायनस काढा, थांबा, आणि पॅनेल, स्क्रू, मुठी उलट क्रमाने बसवा. बॅटरी सुटल्यामुळे काही गाड्यांत काच एका दाबात वर जाणं बंद होतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की बहुधा ते परत येतं.

वहिनींच्या गाडीला नवीन बटण लागलं नाही. रस धुतला, कप्पा चालू झाला. मग त्यांना बसवून सीट लावली: ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला, पाठ टेक्याला चिकटलेली, आणि छाती ते स्टीअरिंग किमान २५ सेंटिमीटर अंतर. बुटक्या माणसाने पुढे सरकताना हे अंतर विसरू नये, कारण समोरची एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते. अंतर कमी पडलं तर टेका थोडा मागे कलवा आणि बैठक उंच करा.

काम झालं की किल्ली फिरवून डॅशबोर्ड पाहा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो विझला नाही तर सीट कितीही छान सरकत असली तरी ती गाडी घरच्यांच्या हाती देऊ नका. आधी जाणकाराकडे न्या.